डोंगराकडे पाय

आईला पहिल्याच रात्री झोपायचा प्रश्न पडला.

सिदेमेनला पोचेपर्यंत अंधार झालेला. बालीच्या एअरपोर्टवरून तिथे यायला दोनेक तास लागतात, त्याआधी मुंबईहून रात्रभराचा प्रवास झालेला, त्यामुळे कधी एकदा आडवं होतोय असं दोघींनाही झालं होतं. होमस्टे म्हणजे एका बाली कुटुंबाच्या आवारात मागच्या बाजूला बांधलेल्या दोन खोल्या. पुढे भातखाचरं आणि पाटाच्या पाण्याचा आवाज, बाकी अंधारात काही दिसत नव्हतं. आत मोठा लाकडी पलंग, मच्छरदाणी, उशा नीट मांडलेल्या. आईने पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, "उत्तर कुठली गं?" मी फोनमधलं होकायंत्र उघडलं तर उशा बरोब्बर उत्तरेला. म्हणजे पाय दक्षिणेला. आई अडुसष्ट वर्षांची आहे आणि या अडुसष्ट वर्षांत ती कधी दक्षिणेकडे पाय करून झोपली नसेल. तिने काही न बोलता उशा उचलल्या आणि दुसऱ्या टोकाला ठेवल्या.

थोड्या वेळाने घरच्या बाई चहा घेऊन आल्या. तिकडे मोठ्या बाईला इबू म्हणतात, म्हणजे आईच. इबूंनी ट्रे ठेवला, पलंगाकडे पाहिलं, आणि हसून उशा परत होत्या तिथे ठेवल्या. त्या गेल्या की आईने परत फिरवल्या. सकाळी आम्ही नाश्त्याला बसलो तेवढ्यात खोली झाडायला आलेल्या इबूंनी परत जागेवर. असं दोनतीनदा झालं, दोघीही एकमेकींशी अतिशय प्रेमाने वागत होत्या आणि उशांच्या बाबतीत मात्र एक पाऊल मागे घ्यायला तयार नव्हत्या.

शेवटी इबूंनी मला हाताला धरून खोलीबाहेर आणलं आणि भिंतीच्या वर, ढगांकडे बोट दाखवलं. "गुनुंग आगुंग." गुनुंग म्हणजे डोंगर, आगुंग म्हणजे थोर, मोठा. बालीमधला सगळ्यात उंच डोंगर, 3,031 मीटर, आपल्या कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट, आणि जिवंत ज्वालामुखी. ज्याच्यासाठी आम्ही एवढ्या लांब आलो होतो तो. तिथे फक्त ढग होते, पण इबूंचं बोट एका ठराविक जागी रोखलेलं होतं. डोकं डोंगराकडे करून झोपायचं, देव तिथे राहतात, असं त्यांनी मोडक्या इंग्रजीत आणि बरंचसं हातवाऱ्यांनी सांगितलं. मी ते आईला मराठीत सांगितलं. आई एकदम उठून उभी राहिली.

"म्हंजे काल रातभर माझं पाय डोंगराकडं हुतं?"

मला आयुष्यात पहिल्यांदा आईच्या चेहऱ्यावर तशी भीती दिसली. तिने तिथल्या तिथे कानाला हात लावले, ढगांना नमस्कार केला.

---

आई कुठल्या घरातनं आलीये ते सांगायला हवं. आमचं गाव वारणेच्या काठी, कोल्हापूर जिल्ह्यात. आमच्या सोप्यातनं बाहेर पाहिलं की समोर जोतिबाचा डोंगर. सकाळी उठून दार उघडलं की आधी डोंगराला हात जोडायचे, मग पाणी तापवायचं. शेताला जाताना हात जोडायचे, बाळंतिणीला बाहेर आणलं की पहिल्यांदा बाळाला डोंगर दाखवायचा. मळ्यात भाकरी खाताना सुद्धा तिचं तोंड तिकडे असायचं. देव देवळात आहे हे खरंच, पण आईच्या लेखी अख्खा डोंगरच जोतिबा. पावसाळ्यात डोंगर दिसायचा नाही तेव्हा ती म्हणायची, देव आत बसल्यात.

दादा, म्हणजे आमचे वडील, तीन वर्षांपूर्वी गेले आणि मी आईला पुण्याला आणलं. चौथा मजला, लिफ्ट आहे, खाली बाग आहे, बायकांचा भजनाचा ग्रुप आहे. ती तक्रार करत नाही. पण आल्यापासून अधूनमधून ती सकाळी गॅलरीत उभी राहायची आणि विचारायची, जोतिबाचा डोंगर कुठल्या अंगाला येतो गं हितनं? मी ऑफिसच्या घाईत कधी "असेल तिकडे कुठेतरी" म्हणायचे, कधी "पुण्यातून दिसत नाही गं आई" म्हणायचे. दिसत नाही हे तिलाही कळत होतं. तिने दिसतो का असं विचारलंच नव्हतं.

हे मला कळायला सिदेमेनचा पलंग लागला.

त्या रात्री आईने तोडगा काढला. उत्तरेकडे डोकं करणं तिला शक्य नव्हतं आणि डोंगराकडे पाय करणं तर त्याहून नाही, म्हणून ती पलंगावर आडवी झोपली, डोकं पूर्वेला. आई बुटकी आहे, मावली. सकाळी इबूंनी ते बघितलं आणि त्यांचा चेहरा खुलला, कारण बालीतही डोंगराची दिशा नाहीतर उगवतीची दिशा, दोन्हीही पवित्रच. त्यांनी उशा तिथेच नीट केल्या. मी मात्र सहा रात्री पलंगाच्या उरलेल्या तुकड्यात अंग आखडून झोपले आणि त्याचं मला काहीच वाटलं नाही.

---

बाली माणसाच्या दिशा आपल्यासारख्या नसतात. त्यांच्याकडे काजा आणि केलोद. काजा म्हणजे डोंगराकडे, केलोद म्हणजे समुद्राकडे. हे उत्तर-दक्षिण नाही, ही गोष्ट डोक्यात बसायला मला वेळ लागला. बेटाच्या दक्षिण भागात डोंगर उत्तरेला, म्हणून काजा म्हणजे उत्तर. पण तुम्ही डोंगर ओलांडून सिंगाराजाकडे उतरलात की तिथे काजा म्हणजे दक्षिण, कारण आता डोंगर तुमच्या दक्षिणेला आला. तुम्ही फिराल तशी दिशा फिरते, डोंगर मात्र आपल्या जागी.

आणि हे नुसतं देवाधर्मापुरतं नाहीये. घराच्या आवारात देवघर काजा आणि उगवतीच्या कोपऱ्यात, स्वयंपाकघर आणि डुकरांचा गोठा केलोदच्या बाजूला. टेबलावरचा ग्लास सरकवायचा असला तरी जरा काजाला घे म्हणतात. इबूंची सात-आठ वर्षांची नात आवारात खेळत होती, तिला मी ढगाळ दुपारी विचारलं, काजा कुठे? तिने खेळ न थांबवता, मान वर न करता हात केला. मी फोनवर तपासलं, बरोबर होतं. मग मी फोन ठेवून दिला, लाज वाटली मला, लहान पोरीची परीक्षा घेतल्यासारखं झालं.

आईला मात्र यात नवल असं काही वाटलंच नाही. ती म्हणाली, गावात आपण तरी काय करतो, वरल्या अंगाला, खालल्या अंगाला असंच म्हणतो की. वरलं अंग म्हणजे डोंगराकडचं. मी त्याच गावात वाढले आणि हे माझ्या लक्षात नव्हतं.

तीन दिवस डोंगर दिसला नाही. जून होता, म्हणजे तिकडचा कोरडा हंगाम, तरी सकाळी आठ-नऊ वाजले की ढग जमायचे ते रात्रीपर्यंत. इंटरनेटवर सिदेमेनचे फोटो पाहिले तर प्रत्येकात भाताच्या हिरव्या पायऱ्या आणि मागे तो निळा शंकू. आम्हाला पायऱ्या दिसत होत्या आणि मागे पांढरं आभाळ. मी बेचैन झाले होते, आई नव्हती. देव आत बसल्यात, ती म्हणाली.

---

चौथ्या दिवशी बेसाकीला गेलो. आगुंगच्या नैऋत्य उतारावर, साधारण हजार मीटर उंचीवर, 23 देवळांचा समूह आहे, त्यातलं मुख्य पुरा पेनातारान आगुंग. पुरा म्हणजे देऊळ. बालीची ही आईच म्हणायची, सगळ्या देवळांचं मूळ. गाडी चालवणाऱ्या दादांना आम्ही ब्ली म्हणत होतो, बाली भाषेत मोठ्या भावाला तेच म्हणतात. ते घरातले तिसरे, हे आम्हाला त्यांच्या नावावरूनच कळलं, कारण तिकडे पहिला वायान, दुसरा मादे, तिसरा न्योमान, चौथा क्तुत अशी जन्माच्या क्रमाने नावं ठेवतात आणि पाचवा झाला की परत वायानपासून सुरू.

वाटेत सतत वाळूचे ट्रक भेटत होते, काळी वाळू भरलेले, चढावर धापा टाकणारे. ब्ली म्हणाले ही डोंगराने दिलेली. उद्रेकात जे खाली आलं तेच खणून नेतात आणि त्यातूनच दक्षिणेकडची हॉटेलं, घरं बांधतात. आई बराच वेळ त्या ट्रकांकडे बघत होती.

देवळाच्या खाली आता मोठं पार्किंग झालंय, तिथून बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या गाड्या वर सोडतात. सारोंग आणि कमरेला शेला बांधावाच लागतो. आई नऊवारीत होती, तिच्याकडे बघून तिथल्या बाईने फक्त एक पिवळा शेला तिच्या कमरेला बांधला आणि मान डोलावली. मग त्या पायऱ्या, आणि पायऱ्यांच्या डोक्यावर ते दुभंगलेलं दार. म्हणजे एखादं शिखर मधोमध उभं चिरावं आणि दोन अर्ध्या भागांमधून वाट काढावी तसं. सगळं काळ्या दगडाचं. त्याच्या मागे एकावर एक छपरांचे मनोरे, तीन, पाच, सात, नऊ, अकरा, नेहमी विषम, साखरताडाच्या काळ्या धाग्यांनी शाकारलेले. त्यांना म्हणतात मेरू. आणि त्याच्याही मागे जिथे डोंगर असायला हवा तिथे ढग.

मेरू हा शब्द ऐकल्यावर आई चमकली. बालीत अशी गोष्ट सांगतात की पशुपतीने महामेरू पर्वताचे तुकडे आणून बेटावर ठेवले, त्यातला एक आगुंग आणि एक बातुर, म्हणजे बेट स्थिर राहावं म्हणून वजन ठेवलं. मला ही कल्पना फार आवडली, आणि थोडी अंगावरही आली, कारण वजन म्हणून ठेवलेला डोंगर स्वतःच हलणारा निघाला.

आई त्या दुभंगलेल्या दाराच्या दगडावर हात फिरवत होती. आपल्या देवळावानीच हाय की दगूड, म्हणाली. दिसायला तसाच आहे, आणि नातंही आहे. जोतिबाचं देऊळ ज्या काळ्या बेसॉल्टचं, तोही लाव्हाच, फक्त साडेसहा कोटी वर्षांपेक्षा जुना. आपल्याकडे जमिनीच्या भेगांतून तो पातळ होऊन वाहिला, थरावर थर साचला, निवला, मग पावसापाण्याने कोरून त्याचे सह्याद्रीसारखे सपाट माथ्याचे डोंगर झाले. आगुंगचं वेगळं आहे. तिथे ऑस्ट्रेलियाच्या बाजूने येणारा समुद्राचा तळ बेटाखाली सरकतोय, खोल जाऊन त्यातलं पाणी सुटतं, त्या पाण्याने वरचा खडक वितळतो, आणि तो चिकट, वायूने भरलेला रस वर येऊन स्फोटासारखा फुटतो. म्हणून तो असा टोकदार शंकू. शाळेत "दख्खनचे पठार अग्निजन्य खडकाचे बनलेले आहे" हे वाक्य मी पाठ केलं होतं, पण मी ज्या डोंगराच्या पायथ्याशी वाढले तो एके काळी लाल आणि वाहता होता हे मला त्या दाराशी उभं असताना पहिल्यांदा खरं वाटलं.

पूजेला आलेल्यांशिवाय कोणाला आतल्या अंगणात सोडत नाहीत. ब्लींनी तिथल्या पुजाऱ्यांशी, त्यांना पमांगकू म्हणतात, काहीतरी बोलणं केलं. पांढरे कपडे, डोक्याला पांढरं बांधलेलं, वयस्क माणूस. त्यांनी आईकडे पाहिलं, तिने हात जोडले होते, आणि त्यांनी आम्हाला आत बसायची खूण केली. समोर तीन उंच दगडी आसनं, पद्मतिगा, ब्रह्मा, विष्णू, शिवाची. आसनं रिकामी. मूर्ती नाही. देव येतील तेव्हा बसतील, तोवर आसन तयार ठेवायचं.

आम्ही जमिनीवर बसलो. आधी रिकाम्या हातांनी नमस्कार, मग बोटांच्या टोकात फूल धरून सूर्याला, मग आणखी दोनदा फुलांनी, शेवटी परत रिकाम्या हातांनी. शेजारच्या कुटुंबाने म्हणायला सुरुवात केली आणि मला कानांवर विश्वास बसेना, ओम् भूर् भुवः स्वः, उच्चार वेगळा, चाल वेगळी, पण गायत्रीच. मग पमांगकू पाणी घेऊन आले. तीनदा अंगावर शिंपडलं, तीनदा ओंजळीत दिलं प्यायला, तीनदा तोंडावरून फिरवायला. त्याला म्हणतात तिर्ता. आईने ते नाव ऐकलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तीर्थ." मग भिजवलेले तांदूळ दिले, कपाळाला आणि गळ्याला चिकटवायचे. तिकडे त्याला बिजा म्हणतात, आपल्याकडे आपण अक्षता म्हटलं असतं. आईच्या कपाळावर कुंकवाची जागा तीन वर्षं रिकामी आहे, आमच्याकडे अजून लोक ते पाळतात आणि तीही पाळते, मी कितीही सांगितलं तरी. तिथे त्या पुजाऱ्यांनी विचारलं नाही की ही कोण, सवाष्ण की काय. सगळ्यांना दिले तसे तिलाही तांदूळ दिले. आईने ते कपाळावर लावले. दिवसभर काढले नाहीत.

याच्यावर मी जास्त लिहू शकत नाही.

---

बेसाकीहून परतताना ब्लींनी 1963 ची गोष्ट सांगितली, आणि रात्री इबूंच्या सासऱ्यांनी ती परत सांगितली, त्यामुळे माझ्या डोक्यात दोन्ही एकात एक मिसळल्यात.

बेसाकीला एकादश रुद्र नावाचा एक यज्ञ करतात, शंभर वर्षांतून एकदा, अकरा दिशांच्या रुद्रांना शांत करण्यासाठी. 1963 मध्ये तो ठेवला होता. तयारी चालू असताना 18 फेब्रुवारीला डोंगर जागा झाला. शंभराहून जास्त वर्षं शांत असलेला. वरून धूर, राख, उत्तरेच्या अंगाने लाव्हा उतरायला लागला, आणि खाली देवळात पूजा चालू राहिली. 8 मार्चला यज्ञाचा मुख्य दिवस झाला. 17 मार्चला डोंगर खऱ्या अर्थाने फुटला. तापलेली राख आणि वायू वेगाने उतारावरून खाली आले, गावंच्या गावं गेली, हजारावर माणसं मेली. मग पाऊस पडला की साचलेली राख आणि दगड चिखलाच्या लोंढ्यासारखे नद्यांतून येत राहिले. डोंगराचं टोकच उडालं, तो आधीपेक्षा बुटका झाला. वर आभाळात इतका गंधक गेला की जगाचं तापमान पुढे काही काळ किंचित उतरलं, हे शास्त्रज्ञांनी मोजलंय. आणि बेसाकीचं मुख्य देऊळ वाचलं, लोंढा काही मीटरवरून गेला.

आजोबा तेव्हा लहान होते. दुपारी अंधार झाला, त्यांच्या आजीने त्यांना पाठीशी बांधलं आणि सगळे केलोदला चालत निघाले, एवढं त्यांना आठवतं, आणि नंतरची भूक आठवते. भात नव्हता, झाडाची मुळं उकडून खाल्ली. किती तरी शेजारी गेले, काही सुलावेसीला, काही सुमात्राला, परत आलेच नाहीत. हे सांगताना ते कुठेही डोंगराला वाईट बोलले नाहीत.

लोक म्हणायला लागले की यज्ञाची तिथी चुकली होती. शंभर वर्षांचा यज्ञ शतक पुरं होताना करायचा, आणि त्यांच्या शक वर्षाप्रमाणे तेव्हा 1884 चालू होतं. मग शक 1900 संपताना, 28 मार्च 1979 ला, तो सगळा यज्ञ परत केला. नीट, पहिल्यापासून.

शक 1900. मी आईला म्हटलं, हा आपलाच शक आहे, पंचांगावर शालिवाहन शके म्हणून छापतात ना तोच. त्यांचं नवं वर्ष न्यपी, ते आपल्या पाडव्याच्या आसपास, कधी त्याच दिवशी येतं, 2023 ला दोन्ही 22 मार्चला होते. आपण गुढी उभारतो, ते त्या दिवशी दिवा लावत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, एअरपोर्टसुद्धा बंद. आणि न्यपीनंतरच्या पौर्णिमेला बेसाकीला वर्षाची मोठी जत्रा भरते. तिचं नाव भटारा तुरुन काबेह, म्हणजे सगळे देव खाली उतरले.

आईने बोटांवर मोजलं. "पाडव्यानंतरची पुनव म्हंजे चैती पुनव. आपली जत्रा."

खरंच, बहुतेक वर्षी तीच पौर्णिमा. जोतिबाला त्या दिवशी गावागावच्या सासनकाठ्या नाचवत डोंगर चढतात, सगळा डोंगर गुलालाने लाल होतो, आणि तिकडे त्याच चंद्राखाली देव डोंगरावरून उतरतात. आईने आजोबांना हे सांगायचा खूप प्रयत्न केला. मी इंग्रजीत, इबू बालीत, आणि आजोबा मान हलवत ऐकत होते. गुलाल हा शब्द त्यांना कसा सांगायचा ते शेवटपर्यंत जमलं नाही, मग आईने मोबाईलमधला फोटो दाखवला. आजोबांनी तो जवळ धरून किती तरी वेळ पाहिला.

मग आईने विचारलं, "त्यांना इचार, एवढं झाल्यावर परत का आले?"

आजोबा म्हणाले, शेत इथे आहे, देवघर इथे आहे. आणि मग जे म्हणाले ते इबूंनी दोनदा सांगितलं तेव्हा मला नीट कळलं. दुसरीकडे गेलो असतो तर डोंगर पाठीमागे कुठे आहे हे रोज शोधावं लागलं असतं.

आई यावर काही बोलली नाही. अंगणातल्या दिव्याखाली इबूंबरोबर दुसऱ्या दिवशीचे चानांग लावत बसली. चानांग म्हणजे नारळाच्या कोवळ्या पानांची छोटी परडी, त्यात तळाला विड्याचं पान, सुपारी, चुना, आणि वर फुलं दिशेप्रमाणे, पूर्वेला पांढरं, दक्षिणेला लाल, पश्चिमेला पिवळं, उत्तरेला निळं-हिरवं. आईने ती पानं अशी दुमडली की इबूंनी तिचे हात धरून स्वतःच्या कपाळाला लावले.

2017 ला डोंगर परत हलला. सप्टेंबरमध्ये दिवसाला शेकडो धक्के, सरकारने सगळ्यात वरचा इशारा दिला, आवास, आणि लाखाच्या वर माणसं घरं सोडून खाली गेली. इबू चार महिने क्लुंगकुंगला आप्तांकडे राहिल्या. तिथे शाळांमध्ये, मैदानांवर, गावकीच्या मंडपांत माणसं राहत होती. पुरुष मात्र दिवसा वर यायचे, गाईंना चारा घालायला, आणि देवघरात फूल ठेवायला. नोव्हेंबरात राखेचा खांब उठला, एअरपोर्ट बंद पडला. यंत्रं लावून डोंगराच्या पोटातली हालचाल ऐकत बसणारी रेंदांग गावातली चौकी ब्लींनी आम्हाला जाताना दाखवली होती, ते म्हणाले तिथली माणसंही सकाळी चानांग ठेवतात, मग यंत्राकडे बघतात. मला यात विरोध दिसत नाही. वेळेवर इशारा मिळाला म्हणून माणसं वाचली, आणि ज्याच्यापासून वाचली त्याच्याकडे तोंड करूनच परत राहायला आली. आपण निसर्ग सुंदर आहे, शांत आहे म्हणून त्याच्याकडे जातो. ही माणसं त्याने घरातली माणसं नेल्यावरही त्याच्याकडे पाय करत नाहीत. पूज्य हा शब्द मी लहानपणापासून वापरतेय, त्याच्या आत एवढी भीती आणि एवढी सोबत एकत्र असते हे मला माहीत नव्हतं.

---

शेवटच्या आदल्या दिवशी आईने मला पावणेसहाला हलवलं. ऊठ, म्हणाली, देव बाहेर आल्यात.

बाहेर अजून निळसर अंधार. आणि समोर आगुंग. मी फोटोत पाहिलेला शंकू तो नव्हताच, तो फार मोठा होता. नजर जिथे डोंगर संपेल म्हणून थांबते त्याच्या कितीतरी वर त्याचा माथा होता, एका बाजूने तुटलेला, खडबडीत. खाली जंगल काळं, वर उघडी राखाडी कातळ, तिच्यावरून खाली ओघळलेल्या खोल घळी, चेहऱ्यावरच्या सुरकुत्यांसारख्या. तुटलेल्या कडेला उजेड आधी लागला. खाचरातल्या पाण्यात पण तोच उलटा उभा. कोंबडे आरवत होते आणि इबू अनवाणी, हातात परड्यांचं ताट घेऊन आवारातनं फिरत होत्या, प्रत्येक ठिकाणी एक परडी, एक उदबत्ती, तीन बोटांनी पाणी शिंपडायचं आणि पुढे. त्यांनी डोंगराकडे मान वर करून बघितलंही नाही. गरज नव्हती.

आई खाचराच्या बांधावर उभी होती. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले, आणि मोठ्याने म्हणाली, "जोतिबाच्या नावानं चांगभलं!"

इबू थांबल्या. त्यांना शब्द कळले नसणार. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि त्यांनीही हात जोडले.

सात वाजता ढग आले. मी फोटो काढलाच नाही, फोन खोलीत राहिला होता.

---

पुण्याला आल्यावर आठवडा नेहमीसारखा गेला. शनिवारी रात्री मी लॅपटॉपवर नकाशा उघडला, आमची सोसायटी आणि जोतिबाचा डोंगर, दोन्हींवर खूण केली आणि मध्ये रेघ ओढली. रेघ जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते, किंचित पूर्वेकडे झुकून. मी आईला दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं.

"दक्षिणंला? मग गावाकडं पण दक्षिणंलाच हाय की त्यो." थोडी थांबली. "म्हंजे गावाकडं माझं डोसकं रोज डोंगराकडंच हुतं."

पुण्यात तिचा पलंग पूर्व-पश्चिम होता. खिडकी, फॅन, स्विचबोर्ड, सगळं बघून फर्निचरवाल्याने लावला होता तसा. रविवारी सकाळी, रविवार जोतिबाचा वार, मी आणि शेजारचे काका असे दोघांनी मिळून तो फिरवला. स्टोरेजचा पलंग आहे, आतलं सगळं सामान काढावं लागलं, गोधड्या, दादांचं धोतर, गावची पितळी भांडी. आता कपाटाचं एक दार अर्धंच उघडतं आणि चार्जरची वायर पुरत नाही, एक्स्टेन्शन आणावं लागेल. आईने चादर घातली, उशी दक्षिणेच्या टोकाला ठेवली, हाताने दोनदा थोपटली, आणि सकाळची अकराची वेळ असूनही जरा आडवी होऊन बघते म्हणाली.